पडून राहिलेला माल

21 सप्टेंबर 1921 च्या सकाळी साडेसातच्या सुमारास जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या ओपाऊ गावात बीएएसएफ कंपनीचा खतकारखाना उडाला, तेव्हा त्या कारखान्यातले एकही यंत्र बिघडलेले नव्हते. हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली हायड्रोजनशी जोडून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत मोठ्या प्रमाणावर जगात पहिल्यांदा इथेच, 1913 साली, सुरू झाली होती. या कामात धोका आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पोलादी नळकांडी फुटू नयेत म्हणून कार्ल बॉश आणि त्यांच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे डोके झिजवले होते. स्फोट त्या नळकांड्यांत झाला नाही. तो तयार खताच्या कोठारात झाला. तिथे अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचा सुमारे 4,500 टनांचा ढीग पडून होता. साडेपाचशेहून अधिक माणसे मेली, गावातली बहुतेक घरे जमीनदोस्त झाली, आणि कोठाराच्या जागी 90 मीटर रुंद, 125 मीटर लांब आणि 19 मीटर खोल खड्डा उरला. तिथून पुढच्या शंभर वर्षांतले असे मोठे स्फोट पाहिले तर त्यांतले बरेचसे जहाजाच्या पोटात, नापास मालाच्या शेडमध्ये किंवा जप्तीच्या गोदामात झालेले दिसतात. काही बनवण्याचे काम तिथे चालू नव्हते. बनलेला माल नुसता थांबलेला होता. रासायनिक उद्योगाचा मोठा धोका या थांबलेल्या मालात असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होते ते तो थांबलेला असतो म्हणूनच, असे मला या इतिहासावरून ठामपणे वाटते.

अमोनियम नायट्रेट हा पांढरा, मिठासारखा दिसणारा क्षार आहे. योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने तो 1659 साली पहिल्यांदा तयार केला. त्याच्या एकाच रेणूत जळणारा भाग आणि जाळणारा भाग दोन्ही असतात, म्हणजे त्याला पेटायला बाहेरच्या प्राणवायूची गरज नसते. तरीही तो सहजासहजी पेटत नाही. हातोडी मारा, काडी लावा, बहुधा काही होत नाही. सुमारे 170 अंशांना तो वितळतो, त्याहून अधिक तापला की विघटित होऊन वायू सोडू लागतो, आणि ते वायू मोकळे निसटून गेले तर प्रकरण तिथेच संपू शकते. पण ढीग मोठा असेल, उष्णता आणि वायू आत कोंडले जात असतील, त्यात तेल, लाकूड, कागद किंवा क्लोरीनयुक्त पदार्थ मिसळले असतील, तर विघटनाचा वेग आवरत नाही आणि सगळा साठा एका झटक्यात वायुरूप होतो. म्हणजे धोका पदार्थाच्या गुणधर्माइतकाच तो किती, कुठे आणि कशाशेजारी ठेवला आहे यावर ठरतो. शेतकऱ्याच्या खळ्यावरचे एक पोते आणि बंदरावरची हजारो पोती यांतला पदार्थ एकच असला, तरी धोक्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपले नियम, परवाने आणि मुख्य म्हणजे आपली सहजबुद्धी पदार्थाचे नाव पाहून धोका ठरवते. पोत्यावर ‘खत’ लिहिलेले असले की मन निश्चिंत होते.

ओपाऊला ही निश्चिंती कशी तयार झाली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. हे मिश्रण हवेतला ओलावा शोषून घेते आणि स्वतःच्याच वजनाखाली दबून दगडासारखे घट्ट होते. कुदळीने ते फुटेना, म्हणून कारखान्याने त्यात छोटे सुरुंग लावून ते मोकळे करण्याची पद्धत घेतली. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ते काम करणारे लोक बेफिकीर नव्हते. त्यांनी प्रयोग केले होते आणि नायट्रेटचे प्रमाण मर्यादेत असले तर हे मिश्रण सुरुंगानेही उडत नाही असे त्यांना आढळले होते. शिवाय सुमारे 20,000 वेळा सुरुंग लावून झाले होते आणि एकदाही काही घडले नव्हते. त्यांच्या लेखी हा वीस हजार प्रयोगांचा पुरावा होता. त्या वर्षीच्या सुरुवातीला मात्र खत वाळवण्याची पद्धत बदलली होती. फवारून वाळवण्याच्या नव्या रीतीमुळे मिश्रण अधिक कोरडे आणि अधिक भुसभुशीत होऊ लागले. ढिगात काही ठिकाणी नायट्रेटचे प्रमाण मर्यादेच्या वर गेले असावे, असेही पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. म्हणजे जुने वीस हजार सुरुंग ज्या मालात लावले होते, तो माल आता ढिगात राहिलाच नव्हता. त्याचे नाव, रंग आणि जागा तीच होती, इतकेच. उत्पादन विभागात झालेल्या एका बदलाचा अर्थ कोठारात सुरुंग लावणाऱ्या माणसापर्यंत पोचला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा अज्ञानाचा काळ होता. विज्ञान तेव्हा अपुरे होते, नंतर ते वाढले, आणि वाढत्या ज्ञानाबरोबर असे अपघात आपोआप कमी होत जातात, असे म्हणता येईल. ओपाऊचाच पुरावा या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. त्याच्या दोनच महिने आधी, 26 जुलै 1921 रोजी, अप्पर सायलेशियातल्या क्रीवाल्ड गावी रेल्वेच्या वाघिणींत घट्ट झालेले अमोनियम नायट्रेट कामगारांनी असेच सुरुंग लावून फोडायचा प्रयत्न केला होता. वाघिणी उडाल्या आणि 19 जण ठार झाले. त्याआधी पहिल्या महायुद्धात याच पदार्थात टीएनटी मिसळून ‘अ‍ॅमॅटोल’ नावाची दारू तोफगोळ्यांत भरली जात होती. अमोनियम नायट्रेट उडते, हे 1921 साली युरोपातल्या कोणत्याही दारूगोळा कारखान्यात विचारले असते तरी कळले असते. ज्ञान होते, पण ते शस्त्रांच्या खात्यात होते. माल खताच्या खात्यात आला तेव्हा ज्ञान त्याच्यासोबत आले नाही.

खाते बदलण्याची ही गोष्ट टेक्सास सिटीइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेटचे कारखाने उभारले. युद्ध संपले, युरोप आणि आशिया उपाशी होते, आणि त्याच कारखान्यांतून तोच पदार्थ खत म्हणून बाहेर पडू लागला. हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. ओलावा लागून गठ्ठे होऊ नयेत म्हणून दाण्यांवर मेणासारख्या पदार्थाचे लेपन केले जाई आणि माल कागदी पोत्यांत भरला जाई. जाळणाऱ्या पदार्थाला मेण आणि कागद हे जळणारे पदार्थ असे आपल्याच हातांनी चिकटवले गेले. 16 एप्रिल 1947 च्या सकाळी टेक्सास सिटीच्या धक्क्यावर ‘ग्रँडकॅम्प’ या फ्रेंच जहाजाच्या चौथ्या कप्प्यातून धूर येऊ लागला. जहाजावर सुमारे 2,100 टन अमोनियम नायट्रेट होते. कप्तानाने पाणी मारू दिले नाही, कारण पाण्याने माल खराब झाला असता. त्याऐवजी कप्प्याची झाकणे बंद करून आत वाफ सोडली गेली. इतर कोणत्याही मालासाठी हा समंजस निर्णय ठरला असता. प्राणवायू तोडला की आग विझते. पण या मालाचा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो, आणि झाकण लावून, वाफेने तापवून कप्तानाने त्याला नेमके हवे ते दिले. नारिंगी रंगाचा धूर पाहायला गावातली माणसे आणि मुले धक्क्याजवळ जमली. 9 वाजून 12 मिनिटांनी जहाज उडाले. शेजारच्या ‘हाय फ्लायर’ या जहाजावरही हाच माल, आणि सोबत गंधक, होता. ते मध्यरात्रीनंतर उडाले. मृतांचा अधिकृत आकडा 581 आहे. आग विझवायला गेलेले शहराच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे जवळजवळ सगळे जवान त्यात होते.

पुढे पीडितांनी अमेरिकी सरकारवर दावा केला. खालच्या न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, पण अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने 1953 साली चार विरुद्ध तीन अशा मतांनी अपील न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. खत कसे बनवायचे, त्यावर काय लेपन करायचे, पोत्यावर काय छापायचे हे धोरणाच्या पातळीवरचे निर्णय आहेत, आणि धोरणात्मक निर्णयांसाठी सरकारला नुकसानभरपाईच्या कायद्याखाली खेचता येत नाही, असा बहुमताचा आशय होता. दोन वर्षांनी काँग्रेसने वेगळा कायदा करून काही भरपाई दिली, पण मला त्या निकालातली मांडणी अधिक महत्त्वाची वाटते. लेपनाचा निर्णय एका कार्यालयात झाला, पोत्यावरचा मजकूर दुसऱ्या, रेल्वेभाडे आणि जहाज तिसऱ्या, आग विझवण्याचा निर्णय चौथ्या ठिकाणी. प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्यापुरते शहाणपण होते. सगळे तुकडे जिथे एकत्र येत होते त्या जागी, म्हणजे जहाजाच्या कप्प्यात, कोणीच नव्हते. आणि हा धडा तरी लगेच पसरला का? त्याच वर्षी 28 जुलैला फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात ‘ओशन लिबर्टी’ या नॉर्वेजियन जहाजावर 3,000 टनांहून अधिक अमोनियम नायट्रेट पेटले. तिथे जहाज ओढून धक्क्यापासून दूर नेण्याचे शहाणपण दाखवले गेले, म्हणून मृतांची संख्या वीस-पंचवीसच्या आसपास राहिली. पण जहाज उडालेच.

मुंबईकरांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उडाले ते युद्धकाळातल्या दारूगोळ्यामुळे. तो काही खतकारखान्याचा अपघात नव्हता, म्हणून ओपाऊ आणि टेक्सास सिटीच्या रांगेत मी त्याला सरळ बसवणार नाही. पण साठ्याच्या धोक्याबद्दल तो जे सांगतो ते वगळताही येत नाही. इंग्लंडहून सुमारे 1,400 टन स्फोटके घेऊन निघालेल्या या जहाजाने कराचीला कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेल, लाकूड असा माल चढवला. स्फोटकांशेजारी कापूस! युद्धात जहाजे कमी होती, जागा वाया घालवणे परवडत नव्हते, हे खरेच. आत धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटा मुंबईत लावला गेला नव्हता. दुपारी कापूस धुमसू लागला. जहाजाच्या इंजिनाची दुरुस्ती चालू असल्याने ते स्वतःहून हलू शकत नव्हते. ते बुडवावे, ओढून न्यावे की तिथेच विझवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना आणि अंतिम शब्द कोणाचा हेही स्पष्ट नव्हते. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा स्फोट झाला. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत, आणि मुंबई अग्निशामक दलाचे 66 जवान त्यात होते. आजही देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

अग्निशामक जवानांचा हा धागा इथेच उचलून पुढे नेला पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत कठोर पुरावा तोच आहे. मुंबईत 66. टेक्सास सिटीत जवळजवळ सगळे दल. त्याच टेक्सास राज्यातल्या वेस्ट या गावी 17 एप्रिल 2013 रोजी खतविक्रेत्याच्या लाकडी कोठारातले अमोनियम नायट्रेट उडाले आणि मेलेल्या 15 जणांत 12 जण मदतीला धावलेले होते. 12 ऑगस्ट 2015 रोजी चीनमधल्या तिआनजिन बंदरातल्या गोदामात आधी नायट्रोसेल्युलोज पेटले आणि मग सुमारे 800 टन अमोनियम नायट्रेट उडाले. मृत आणि बेपत्ता मिळून 173, आणि त्यांत निम्म्याहून अधिक अग्निशामक. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेट ठेवलेल्या गोदामाचे दार उघडायला गेलेली अग्निशामक दलाची दहा जणांची तुकडी संपूर्ण गेली. आग विझवणाऱ्याचे सगळे प्रशिक्षण त्याला आगीच्या दिशेने नेते, आणि इथे योग्य निर्णय बहुतेक वेळा उलट दिशेचा, म्हणजे माणसे हटवून दूर जाण्याचा असतो. तो निर्णय घ्यायला आत काय आहे आणि किती आहे ही माहिती लागते. ती माहिती कुठल्या ना कुठल्या कागदावर प्रत्येक वेळी होती. जहाजाच्या मालयादीत होती, गोदामाच्या वहीत होती, कस्टम्सच्या फायलीत होती. बंबावर बसलेल्या माणसाच्या हातात ती नव्हती. यात विज्ञानाचा प्रश्न कुठेही येत नाही, आणि म्हणूनच हे मृत्यू अधिक अक्षम्य आहेत.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप घेऊ. कारखान्यातली चालू प्रक्रियाही माणसे मारते, मग साठ्यावरच बोट का? 1 जून 1974 रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात घाईने बसवलेली तात्पुरती वळणवाहिनी तुटली, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि 28 माणसे गेली. आपल्याकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि दोन्ही वेळी दहाहून अधिक जीव गेले. हे नाकारण्याचे कारण नाही, आणि त्या कुटुंबांना साठा आणि प्रक्रिया यांतला भेद ऐकवण्यात अर्थ नाही. पण फ्लिक्सबरोतून अभियंत्यांनी जो धडा घेतला तो पुन्हा साठ्याकडेच वळतो. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रसायन-अभियंत्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एक साधा विचार मांडला: वाहिन्या अधिक भक्कम करणे ठीकच, पण त्या वाहिन्यांत एका वेळी इतका ज्वालाग्राही द्रव असायलाच हवा का, हे आधी विचारा. फ्लिक्सबरोच्या भांड्यांतून कितीतरी टन द्रव फिरत होता, कारण एका फेरीत त्याचा थोडासाच भाग उपयोगी पदार्थात बदलत असे. तो ढग इतका मोठा झाला तो आत इतका माल होता म्हणून. मूळ दोष प्रक्रियेत असला तरी अपघाताचे आकारमान साठा ठरवतो.

भोपाळला तर साठा आणि अपघात वेगळे करताच येत नाहीत. तो स्फोट नव्हता, गळती होती, तरी त्याचा दाखला इथे अस्थानी नाही. डिसेंबर 1984 च्या त्या रात्री कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार होत नव्हते. त्याचे उत्पादन ऑक्टोबरमध्येच थांबले होते. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन माल पडून होता, कारखाना तोट्यात होता, आणि शीतकरणासारख्या व्यवस्था बंद होत्या. काम चालू नाही म्हणून धोका नाही, असा समज टाकीभोवती साचत गेला. भोपाळनंतर इतरत्र काही कंपन्यांनी हे रसायन साठवणे सोडून लागेल तितकेच बनवून तिथल्या तिथे वापरण्याची रीत स्वीकारली. म्हणजे ते शक्य होते. टाकी भरून ठेवणे ही रसायनशास्त्राची अट नव्हती, ती व्यवस्थापनाची सोय होती.

तुलूझ शहरातल्या एझेडएफ कारखान्याची कथा सांगताना योगायोगाचा मोह टाळणे कठीण आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने बीएएसएफकडून मिळवलेल्या हाबर-बॉश पद्धतीच्या आधारे, 1924 साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने तो उभारला. तो उडाला 21 सप्टेंबर 2001 रोजी, ओपाऊनंतर बरोबर 80 वर्षांनी. तारखेचा योगायोग सोडून देऊ. स्फोट कुठे झाला ते पाहू. 221 क्रमांकाच्या शेडमध्ये, जिथे दर्जात न बसलेले, विक्रीयोग्य नसलेले 300 ते 400 टन अमोनियम नायट्रेट टाकून ठेवले जाई. चांगल्या मालाच्या गोदामांना जी शिस्त होती ती या शेडला नव्हती, आणि तिथली ने-आण बाहेरच्या कंत्राटदारांच्या माणसांकडे होती. पोहण्याच्या तलावांच्या शुद्धीकरणासाठी बनणारे क्लोरीनयुक्त संयुग चुकून या ढिगात येऊन पडले, हे कारण अनेक वर्षांच्या खटल्यांनंतर फ्रेंच न्यायालयांनी मान्य केले. कंपनीने ते अखेरपर्यंत मानले नाही. 31 माणसे मेली, हजारो जखमी झाली. शहराच्या नियोजनासाठी या कारखान्याचे जे संभाव्य अपघात गृहीत धरले होते, ते मुख्यतः विषारी वायूंच्या गळतीचे होते. टाकाऊ खताच्या शेडचा स्फोट त्यात धरलेला नव्हता. जो माल कंपनीच्या लेखी बिनकिमतीचा होता तो धोक्याच्या हिशेबातूनही गळला.

इथे तिसरा आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याकडे डोंबिवली, तळोजा, चेंबूर यांच्याबद्दलही ऐकू येतो: कारखाना आधी आला, वस्ती नंतर येऊन चिकटली, मग दोष कारखान्याचा कसा? तुलूझचा कारखाना शहराच्या कडेला उभा राहिला आणि शहर वाढत त्याला भिडले हे खरे आहे. पण वस्ती हवेतून उगवत नाही. इमारतीचा नकाशा सरकारी यंत्रणाच मंजूर करते आणि कारखान्याचा परवानाही तिथूनच नूतन होतो. दोन्ही कागदांवर एकाच राज्यसंस्थेची सही असताना, घर घेणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या शेडमध्ये काय आहे ते स्वतः शोधून काढावे ही अपेक्षा न्याय्य नाही. फ्रान्सने 2003 साली कायदा करून धोकादायक कारखान्यांभोवतीच्या जमिनीच्या वापराच्या योजना सक्तीच्या केल्या. त्यांची अंमलबजावणी संथ आणि खर्चिक ठरली, तरी वस्ती आणि साठा यांचा विचार एकाच नकाशावर करायचा हे तत्त्व तरी मान्य झाले.

आणखी एक आक्षेप उरतो, तो सर्वांत प्रामाणिक आहे. कृत्रिम नायट्रोजन खतांवर जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकसंख्येचे अन्न उभे आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या कोळसाखाणी आणि दगडखाणी अमोनियम नायट्रेटमध्ये इंधनतेल मिसळून केलेल्या स्फोटकांवर चालतात. त्यावर बंदी घाला असे म्हणणारा माणूस भुकेची आणि विजेची किंमत मोजत नसतो. मान्य. पण इथे मागणी बंदीची नाहीच. चुनखडीची भुकटी मिसळून केलेले कॅल्शियम अमोनियम नायट्रेट कितीतरी शांत असते, आणि आपल्याकडे खत म्हणून विकले जाते ते हेच. ढीग छोटे आणि एकमेकांपासून अंतरावर ठेवता येतात. लाकडी कप्प्यांऐवजी न जळणारे बांधकाम करता येते. तेल आणि क्लोरीनची संयुगे वेगळ्या छपराखाली जाऊ शकतात. यातले काहीही अन्न किंवा कोळसा कमी करत नाही. खर्च थोडा वाढवते, आणि तो खर्च आज ज्यांच्या माथी मारला जातो ते शेजारी आणि अग्निशामक जवान त्या व्यवहारात कुठेच नसतात.

भारताने अमोनियम नायट्रेटला स्फोटक म्हणून जाहीर केले ते जुलै 2011 मध्ये, आणि त्यासाठीचे स्वतंत्र नियम आले 2012 साली. हे काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. त्या काळातले बॉम्बस्फोट आठवले तर या नियमांमागची मुख्य भीती लक्षात येते: माल चोरीला जाऊन दहशतवाद्यांच्या हाती पडू नये. साठवणुकीच्या अटी नियमांत होत्याच, पण लक्ष हलणाऱ्या मालावर होते. न हलणाऱ्या मालाचे काय, हा प्रश्न बैरूतने विचारला. जॉर्जियातल्या बातुमीहून मोझांबिकला निघालेले ‘ऱ्होसस’ हे जहाज नोव्हेंबर 2013 मध्ये बैरूतला थांबले आणि देणी थकल्याने अडकले. 2,750 टन माल उतरवून बाराव्या क्रमांकाच्या गोदामात ठेवला गेला. मालकाने तो सोडून दिला, कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली, पण विल्हेवाटीचा आदेश निघाला नाही. सहा वर्षांनी दोनशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे तीन लाख बेघर झाली. धोका कोणाला माहीत नव्हता असे म्हणायला इथे जागाच नाही, तो सरकारी पत्रव्यवहारात लिहिलेला होता.

बैरूतनंतर काही दिवसांतच चेन्नईजवळच्या मनाली इथल्या कंटेनर गोदामात सुमारे 700 टन अमोनियम नायट्रेट 2015 पासून पडून असल्याचे सर्वांसमोर आले. कस्टम्सने ते जप्त केले होते आणि प्रकरण पाच वर्षे रेंगाळले होते. भीती दारात आल्यावर त्याच ऑगस्टमध्ये तो माल हैदराबादकडे रवाना झाला. घेणारा, ट्रक आणि रस्ता हे तिन्ही आधीच्या पाच वर्षांतही उपलब्ध होते. 2021 साली नियमांत दुरुस्ती होऊन जप्त मालाच्या लिलावाची वाट मोकळी झाली, आणि बंदरात उतरलेला माल बंदराच्या हद्दीपासून 500 मीटर पलीकडच्या साठवणगृहात नेण्याची अट आली. ही दुरुस्ती योग्य आहे, पण ती एकाच रसायनापुरती आहे. कर्जापायी टाळे लागलेले कारखाने, दिवाळखोरीच्या खटल्यात अडकलेली गोदामे, मुदत संपलेल्या कच्च्या मालाच्या टाक्या यांतल्या इतर रसायनांनाही तीच शिस्त हवी. परवाना देताना आणि तपासणी करताना साठा किती याच्या जोडीला तो किती दिवसांपासून पडून आहे आणि आज तो हलवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न नोंदले गेले पाहिजेत. ती नोंद ठरावीक मुदतीने सर्वांत जवळच्या अग्निशामक केंद्रावर पोचली पाहिजे, आणि बंब निघण्याआधी तिथल्या जवानाने ती वाचलेली असली पाहिजे.